वरणाला वनवास कशासाठी?



स्मरणिकेसाठी लेख दे, आणि जमलं तर आरोग्यावर दे, असा निरोप आला तेव्हा बायको खो खो हसली. तिचंही बरोबर आहे म्हणा. मी काही डॉक्टर नाही. सांगलीच्या वालचंद कॉलेजातून इंजिनिअर झालो आणि गेली बरीच वर्षं इथे ट्रॉयमध्ये गाड्यांच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर लिहितो. आरोग्यावर बोलायचा माझा अधिकार एकच, तो म्हणजे माझ्या उजव्या पायाचा अंगठा.

विषय मात्र पॉटलकच्या रांगेतच मिळाला. माझ्या पुढे एक काका होते. वरणाचं पातेलं आलं तसे ते झटकन पुढे सरकले. मी म्हटलं, "काका, वरण राहिलं." तर म्हणाले, "नको रे बाबा, मला युरिक ॲसिड आहे. डाळ, पालक, टोमॅटो सगळं बंद." मग माझी नजर त्यांच्या प्लेटकडे गेली. कोळंबीभाताचा डोंगर, शेजारी खिमा-पाव आणि दुसऱ्या हातात थंडगार सोड्याचा कॅन! मी काही बोललो नाही. (मोठ्या माणसांना रांगेत अडवून लेक्चर देऊ नये एवढे संस्कार आहेत.) पण घरी येताना गाडीत तेच डोक्यात घोळत होतं. कारण अगदी हाच हिशोब आमच्या बाबांनी सांगलीत अकरा वर्षं केला होता.

अंगठ्याची गोष्ट

२०१९ चा गणपती. शनिवारी दिवसभर उन्हात ढोल वाजवला. घामाने शर्ट पिळून काढावा अशी अवस्था, आणि पाणी प्यायची आठवण कोणाला? संध्याकाळी मित्राच्या बॅकयार्डमध्ये पार्टी. तव्यावरची कोळंबी आणि तीन बिअर. (तीनच सांगतो. बायको लेख वाचणार आहे.) रात्री अडीचच्या सुमारास जाग आली ती अंगठ्यातल्या ठणक्याने. आधी वाटलं ढोल पडला असेल पायावर. दिवा लावून बघतो तर अंगठ्याचं मूळ टोमॅटोसारखं लाल आणि सुजलेलं. पांघरुणाचा नुसता स्पर्श सहन होईना. बाथरूमपर्यंत अक्षरशः बसून सरकत गेलो. वय वर्षं बत्तीस!

डॉक्टरांनी पाय बघितला, दोन-चार प्रश्न विचारले आणि म्हणाल्या, "गाऊट." सूज उतरायची औषधं दिली, आणि एक गोष्ट आवर्जून सांगितली जी तुम्हीही लक्षात ठेवा. ऐन दुखण्यात रक्त तपासलं तर युरिक ॲसिड कधी कधी नॉर्मल येतं. त्यामुळे सगळं शांत झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासायचं. माझं आलं ८.९.

सांगलीला फोन केला. बाबांचं पहिलं वाक्य, "अरे, हे तर आमचंच!" त्यांच्या आवाजात काळजी होती, पण थोडा वारसा पोचल्याचा आनंदही होता असं मला अजून वाटतं. पुढे सल्ला आला, "आजपासून डाळ बंद कर. आणि दुखलं की घ्यायला ती गोळी मिळते का बघ तिकडे."

डाळ मी त्याच दिवशी बंद केली. गोळी इथे प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळाली नाही, हे माझं नशीब. ते का, ते पुढे सांगतो.

खडीसाखर आणि टाकी

इंजिनिअर माणसाला आजार झाला की तो आधी त्याचा फ्लोचार्ट काढतो. माझा असा निघाला.

आपल्या पेशींमध्ये आणि बऱ्याचशा अन्नात प्युरीन नावाची द्रव्यं असतात. ती मोडली की शेवटी उरतं ते युरिक ॲसिड. बहुतेक सस्तन प्राण्यांकडे ते पुढे मोडणारं एक एन्झाइम असतं. माणूस आणि त्याच्या जवळच्या वानरांमध्ये ते उत्क्रांतीच्या ओघात लाखो वर्षांपूर्वी निकामी झालं. त्यामुळे शेजारच्या कुत्र्याने रोज मटण खाल्लं तरी त्याचा पंजा ठणकत नाही, आणि आपण मात्र लंगडतो.

आता पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. वरून दोन नळ. मोठा नळ शरीराच्या स्वतःच्या कारभाराचा, त्यातून साधारण दोन तृतीयांश युरिक ॲसिड येतं. लहान नळ जेवणाचा, साधारण एक तृतीयांश. खाली निचरा, मुख्यतः किडनीतून आणि थोडा आतड्यातून. बहुतेक गाऊटवाल्यांची अडचण नळात नसतेच, निचऱ्यात असते. किडनी युरिक ॲसिड बाहेर टाकायला कंजूषपणा करते, आणि हा कंजूषपणा बराचसा वडिलोपार्जित असतो. म्हणजे बाबांनी मला सांगलीचं घर देण्याआधी हे दिलं.

टाकीची पातळी एका मर्यादेपलीकडे गेली की काय होतं? घरी खडीसाखर कशी धरते आठवा. दाट पाकात दोरा सोडला की त्यावर हळूहळू खडे धरतात. रक्तात ही मर्यादा डेसिलिटरला ६.८ मिलिग्रॅमच्या आसपास आहे. त्याच्या वर दीर्घकाळ राहिलं की सांध्यांत सुईसारखे स्फटिक जमतात. गारठ्यात ते लवकर धरतात, आणि शरीरातला सर्वांत गार कोपरा म्हणजे पायाचा अंगठा. (मिशिगनच्या जानेवारीत राहणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको.) एखाद्या रात्री शरीरातल्या पांढऱ्या पेशींना हे स्फटिक परके वाटतात, त्या तुटून पडतात, आणि आपण पांघरूण फेकून बोंब मारतो.

यातून एक गोष्ट निघते. दुखणं आठ-दहा दिवसांत थांबतं, पण खडे तिथेच असतात. ते विरघळवायचे तर पातळी नुसती खाली आणून भागत नाही, खाली ठेवावी लागते. म्हणून गाऊट असलेल्यांसाठी डॉक्टर ६ च्या खालचं लक्ष्य ठेवतात. उलट, कधीही दुखलेलं नाही आणि नुसता रिपोर्टमध्ये आकडा वाढलेला आहे, अशांना सहसा औषध लागत नाही. अशा कितीतरी जणांचा फक्त संसार होतो आणि आहार बिघडतो. सांगलीला आमच्या गल्लीत आता निम्म्या लोकांना "युरिक ॲसिड झालंय"!

आपल्याकडे हा आजार काही नवा नाही. आयुर्वेदात वातरक्त म्हणून जे वर्णन आहे ते बऱ्याच अंशी याच्याशी जुळतं. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात त्यावर स्वतंत्र अध्याय आहे, आणि त्यात या रोगाचं एक नाव आढ्यवात असं दिलंय. आढ्य म्हणजे श्रीमंत. युरोपातही हा राजेरजवाड्यांचा रोग मानत. कारणांच्या यादीत पाणथळ जागच्या प्राण्यांचं मांस, मद्य आणि ऊस आहे. हे तीनही आजच्या संशोधनाशी जुळतात, ऊससुद्धा! पण त्याच यादीत कुळीथ, उडीद, दही आणि ताकही आहे. तिथे आजचे अभ्यास वेगळं सांगतात. जुन्या ग्रंथातलं सगळं खरं किंवा सगळं खोटं, असं म्हणायची आपल्याला फार घाई असते.

डाळीवरचा खटला

आता मुद्द्याचं. डाळीत प्युरीन असतात हे खरं आहे. कोष्टकं उघडली की ते दिसतं, आणि तिथेच गोंधळ होतो. कोष्टकातले आकडे शंभर ग्रॅम कोरड्या डाळीचे असतात. शंभर ग्रॅम कोरडी डाळ एका वेळी कोण खातं? एक वाटी साधं वरण म्हणजे फार तर तीस ग्रॅम डाळ. कोणतं कोष्टक धरता त्यावर वाटीमागे वीस ते चाळीस मिलिग्रॅम निघतात. जपानमध्ये गाऊटवाल्यांना दिवसाला ४०० मिलिग्रॅमच्या आत राहायला सांगतात. त्या हिशोबात वाटीभर वरण म्हणजे किरकोळ खर्च. कोंबडीच्या काळजात मात्र शंभर ग्रॅममागे सुमारे ३०० असतात. पालकात सुमारे ५०.

पण खरा पुरावा कोष्टकाचा नाही, माणसांचा. २००४ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक अभ्यास आला. सत्तेचाळीस हजारांवर पुरुष, बारा वर्षं पाठपुरावा, त्यात ७३० जणांना नव्याने गाऊट झाला. सर्वांत जास्त मांस खाणाऱ्या गटात धोका ४१ टक्के जास्त, मासे-कोळंबी वगैरे सर्वांत जास्त खाणाऱ्यांत ५१ टक्के जास्त. आणि प्युरीनवाल्या भाज्या-शेंगा? काहीही संबंध दिसला नाही. आता हे सगळे अमेरिकन डॉक्टर-डेंटिस्ट वगैरे मंडळी, बहुतेक गोरी. त्यांच्या ताटात आमटी कुठून येणार, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हटलं. पण सिंगापूरमधल्या चिनी वंशाच्या लोकांचा असाच मोठा अभ्यास २०१५ साली आला. त्यात चिकन आणि मासे-कोळंबीने धोका वाढला, आणि सोयाबीन व इतर कडधान्यं जास्त खाणाऱ्यांत तो उलट थोडा कमी दिसला.

म्हणजे खटला चालला, पुरावे तपासले, आणि डाळ सुटली. टोमॅटोबद्दल एवढंच सांगतो की काही गाऊटवाले टोमॅटोने दुखलं असं सांगतात. तुमचा तसा स्वतःचा अनुभव असेल तर टाळा. पण शेजाऱ्याच्या अनुभवावरून टाळू नका.

मग खरे आरोपी कोण? काळीज, भेजा, पाया सूप हे एका बाजूला. आपल्या कोकणातल्या मंडळींचं काळीज तुटेल, पण सुकट, जवळा, सोडे हेही. मासा वाळवला की पाणी जातं, प्युरीन तिथेच राहतात. कोळंबी, खेकडे, मटण यांचं प्रमाण आणि वारंवारिता सांभाळायची. मी कोळंबी सोडलेली नाही. आधी दर शुक्रवारी व्हायची, आता सणासुदीला होते, आणि त्या दिवशी बिअर नाही.

बिअरवर थोडं जास्त लिहावं लागेल, कारण इथे आपण स्वतःला फार फसवतो. बिअर दोन बाजूंनी मारते. यीस्टमुळे तिच्यात स्वतःचे प्युरीन असतात, म्हणजे नळ वाढतो. आणि अल्कोहोल पचताना लॅक्टिक ॲसिड तयार होतं, ते किडनीच्या दारात युरिक ॲसिडला आडवं येतं, म्हणजे निचरा तुंबतो. वाईनबद्दल सुरुवातीचे अभ्यास जरा सौम्य होते, त्यामुळे आमच्या ग्रुपमधल्या काही जणांनी लगेच पक्ष बदलला. पण २०१४ साली आधीच गाऊट असलेल्यांचा अभ्यास आला. त्यात वाईन, बिअर, व्हिस्की, सगळ्यांनीच झटक्याची शक्यता वाढवली होती.

आणि आता सगळ्यांत साळसूद आरोपी. गोड पेय! यात प्युरीन शून्य, त्यामुळे कोणाच्या यादीत नाव नाही. पण फ्रुक्टोज नावाची साखर लिव्हरमध्ये इतक्या वेगाने पचते की त्या धांदलीत पेशी स्वतःचं इंधन, म्हणजे एटीपी, जाळून टाकते, आणि त्याच्या राखेतून युरिक ॲसिड होतं. सोड्याच्या एका ३५५ मिलिलिटरच्या कॅनमध्ये जवळजवळ ४० ग्रॅम साखर असते, आणि इथे ती बहुधा हाय फ्रुक्टोज कॉर्न सिरपच्या रूपात. २००८ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मधल्या अभ्यासात दिवसाला दोन किंवा जास्त गोड सोडे पिणाऱ्या पुरुषांमध्ये गाऊटचा धोका ८५ टक्के जास्त आढळला. डाएट सोड्यात तसं दिसलं नाही. फळांच्या रसानेही धोका वाढलेला होता. म्हणजे ऑक्टोबरात आपण पोराबाळांसकट सायडर मिलला जातो आणि "नॅचरल आहे" म्हणत ग्लासावर ग्लास सायडर पितो, किंवा डब्यातल्या आमरसाच्या वाट्या रिचवतो, तेही याच खात्यात. एक सफरचंद चावून खाणं वेगळं, चार सफरचंदांचा रस दोन मिनिटांत पिणं वेगळं.

कोळंबीभातवाल्या काकांच्या प्लेटमध्ये नेमकं काय काय होतं, ते आता पुन्हा आठवून बघा.

उपास, ताक आणि चेरी

उपासाबद्दल जरा जपून लिहितो, नाहीतर आई फोन करेल. एकादशी करा, जरूर करा. पण निर्जळी उपास किंवा एकदम दोन दिवस काही न खाणं गाऊटवाल्याला महागात पडू शकतं. चरबी जळताना जी कीटोन द्रव्यं होतात तीही किडनीच्या दारात गर्दी करतात. झटपट वजन उतरवायच्या कीटो डाएटचं सुरुवातीला हेच होतं. वजन उतरवणं चांगलंच आहे, गाऊटला त्याचा खरा फायदा होतो, पण हळूहळू. आणि पाणी! उन्हाळ्यात घामामुळे आणि हिवाळ्यात तहानच लागत नाही म्हणून आपण कमी पितो. इथे फर्नेस दिवसरात्र चालू, हवा कोरडी ठणठणीत. मी आता डेस्कवर मोठी बाटली ठेवतो आणि घरी यायच्या आत संपवतो.

चांगली बातमीही आहे. २००४ च्या त्याच अभ्यासात दूध-दही जास्त घेणाऱ्यांत धोका ४४ टक्के कमी होता, विशेषतः कमी स्निग्धांशाच्या. म्हणजे आपलं पातळ ताक, जिरं आणि कोथिंबीर घालून. मीठ बेताने. कॉफी पिणाऱ्यांमध्येही धोका कमी आढळला आहे. दिवसाला चार-पाच कप पिणाऱ्यांत सुमारे ४० टक्के. (म्हणून कोणी उद्यापासून मुद्दाम पाच कप सुरू करू नका. पण माझ्या ऑफिसातल्या कॉफी मशीनचे मी मनातल्या मनात आभार मानले.)

आणि चेरी. आपल्या मिशिगनचा तर हा अभिमानाचा विषय! अमेरिकेतल्या आंबट चेरीचं सुमारे सत्तर-पंचाहत्तर टक्के पीक आपल्या राज्यात येतं. ट्रॉयहून चार तासांवर ट्रॅव्हर्स सिटीला जुलैत चेरी महोत्सव भरतो, तिथे आपली अर्धी मंडळी जाऊन आली असतील. २०१२ साली ६३३ गाऊटवाल्यांच्या पाहणीत, ज्या दोन दिवसांत चेरी खाल्ली त्या काळात झटक्याचा धोका ३५ टक्के कमी दिसला. हे वाचून मी चेरीच्या रसाच्या अर्काच्या बाटल्या आणून फ्रिज भरला. पण पुढे न्यूझीलंडमध्ये ५० गाऊटवाल्यांना वेगवेगळ्या मात्रेत चेरीचा अर्क देऊन बघितला. २०२० साली निकाल आला, की रक्तातलं युरिक ॲसिड काही हललं नाही. तेव्हा चेरी खा, चवीने खा, ट्रॅव्हर्स सिटीला सहलीला जा. औषध म्हणून तिच्यावर विसंबू नका.

माझी एक्सेल शीट

एवढा अभ्यास झाल्यावर माझा आत्मविश्वास गगनाला भिडला. डॉक्टर म्हणाल्या होत्या की पुन्हा झटके आले तर रोजच्या गोळीचा विचार करावा लागेल. मी म्हटलं, "आयुष्यभर गोळी? या वयात? मी आहाराने करून दाखवतो." एक्सेल शीट उघडली. रोज काय खाल्लं, किती पाणी, वजन, दर तीन महिन्यांनी रक्त. सोडा बंद, बिअर बंद, मटण महिन्यातून एकदा. वजन अठरा पौंड उतरलं. आलेख काय सुंदर दिसत होता! फक्त एक रकाना हट्टाने बसून होता. ८.९ चं ८.४ झालं, मग ७.९. आणि तिथेच अडकलं.

२०२१ च्या फेब्रुवारीत, बाहेर गुडघाभर बर्फ, शेवटचा जोर म्हणून मी चार दिवस जवळजवळ काही न खाता काढले. वर लिहिलेलं सगळं मला तेव्हाही माहीत होतं. पाचव्या रात्री अंगठा पुन्हा टोमॅटो. या वेळी घोटासुद्धा.

डॉक्टरांनी शीट बघितली, कौतुकही केलं. मग शांतपणे सांगितलं की उत्तम आहारानेसुद्धा साधारण एखाद्या मिलिग्रॅमचा फरक पडतो, आणि तो तू पाडून दाखवला आहेस. तुझं लक्ष्य ६ आहे. उरलेलं अंतर तुझ्या जीन्समध्ये आहे, ताटात नाही. घरी येऊन वाचलं तर त्यांचंच खरं. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या युरोपीय वंशाच्या सोळा हजारांवर लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. युरिक ॲसिडमधल्या माणसामाणसांतल्या फरकात, एकूण आहार कसा आहे हे मोजणाऱ्या कोणत्याही गुणांकाचा वाटा ०.३ टक्क्यांच्या वर नव्हता. आनुवंशिकतेचा जवळजवळ २४ टक्के. आणि आपण मात्र गाऊट झालेल्या माणसाकडे "खाण्यापिण्यावर ताबा नाही" अशा नजरेने बघतो.

मग ॲलोप्युरिनॉल सुरू झालं. हे औषध अमेरिकेत १९६६ पासून आहे. गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांच्या प्रयोगशाळेतून ते आलं, आणि तेही मुळात ल्युकेमियाच्या एका औषधाला शरीरात जास्त टिकवायच्या खटपटीतून! दोघांना १९८८ चं नोबेल मिळालं. एलियनबाईंनी पीएचडी पूर्ण केलेली नव्हती, हे आमच्या घरातल्या एका विद्यार्थ्याला मी आता सांगणार नाही.

हे औषध १०० मिलिग्रॅम किंवा त्याहूनही कमी मात्रेपासून सुरू करून रक्त तपासत तपासत वाढवतात. सुरुवातीच्या महिन्यांत खडे विरघळू लागतात तेव्हा गंमत म्हणजे झटके येऊ शकतात. त्यासाठी काही महिने जोडीला कोल्चिसीनसारखं दुसरं औषध देतात. अनेक जण इथेच "गोळीने वाढलं" म्हणून सोडून देतात, आणि माझंही तसंच होणार होतं. अंगावर पुरळ उठलं तर मात्र गोळी थांबवून ताबडतोब डॉक्टरांना फोन करायचा, हे मला तीनदा बजावलं गेलं, म्हणून मीही तुम्हाला बजावतो. ब्लड प्रेशरच्या काही गोळ्यांनी, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या, युरिक ॲसिड चढतं, तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. स्वतःहून काही बंद करू नका. त्या वर्षअखेर माझा आकडा ५.६ झाला. तेव्हापासून अंगठा गप्प आहे.

बाबा

आता बाबांकडे येतो. त्यांचं दुखणं २००९ साली सुरू झालं. कोणीतरी सांगितलं डाळ बंद, झाली डाळ बंद. आमच्या घरात तुरीच्या आमटीला चिंच-गुळाची फोडणी पडली की बाबा दारातूनच ओळखायचे. ते बंद झाल्यावर आई स्वतःपुरती वाटीभर आमटी करायची, तीही बाबा जेवून उठल्यावर. वास जायला नको म्हणून स्वयंपाकघराचं दार लावून. अकरा वर्षं!

आणि वर्षातून चार-पाच वेळा अंगठा दुखला की कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून वेदनाशामक गोळ्यांची पट्टी. चिठ्ठीबिठ्ठी कोण विचारतंय? पुढे पुढे नुसतं "वाटतंय" म्हणूनही गोळी. त्यात डायक्लोफेनॅक होतं. हे नाव गिधाडांमुळे तुम्ही ऐकलं असेल. भारतीय उपखंडातली गिधाडं झपाट्याने का मरतायत हे कोडं होतं. २००४ साली 'नेचर'मधल्या अभ्यासाने उत्तर दिलं. गुरांना दिलेलं डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जात होतं, त्यांच्या किडन्या निकामी होत होत्या, आणि मेलेल्या पक्ष्यांच्या अवयवांवर पांढरा थर सापडत होता. थर कसला? युरिक ॲसिडचा. गाऊट! भारताने २००६ मध्ये जनावरांसाठी हे औषध बंद केलं, तोवर काही जातींची नव्वद-पंचाण्णव टक्क्यांहून जास्त गिधाडं गेली होती. माणूस म्हणजे गिधाड नव्हे, डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोडे दिवस घेतलेली वेदनाशामक गोळी बहुतेकांना सोसते. पण वर्षानुवर्षं, आपल्या मनाने, आणि किडनी आधीच थकलेली असताना घेतली की ती त्रास देते.

२०२० च्या डिसेंबरात बाबांचं क्रिएटिनिन १.९ आलं. डॉक्टर म्हणाले, ब्लड प्रेशर, युरिक ॲसिड आणि गोळ्या, तिघांनी मिळून केलेलं काम आहे. किती कोणाचं ते आता वेगळं काढता येणार नाही. कोव्हिडमुळे मला जाता आलं नाही. व्हिडिओ कॉलवर मी त्यांना माझी एक्सेल शीट दाखवायचो आणि ते विषय बदलून इथल्या बर्फाची चौकशी करायचे.

पुढच्या डिसेंबरात गेलो. त्यांना घेऊन किडनीच्या डॉक्टरांकडे बसलो. वेदनाशामक बंद, युरिक ॲसिडचं औषध अगदी कमी मात्रेत सुरू, प्रेशरची गोळी बदलली. मग मी विचारलं, "आणि डाळ?" किडनीसाठी एकूण प्रथिनं मोजून घ्यावी लागतील, पण दिवसाला वाटीभर वरण चालेल, असं ते म्हणाले. बाबांनी त्यांना हे परत एकदा म्हणायला लावलं. रिक्षात बसल्यावर मला म्हणाले, "म्हणजे अकरा वर्षं उगाच?" मी काही बोललो नाही. काय बोलणार?

त्या रात्री आईने दार उघडं ठेवून फोडणी घातली. बाबा पाटावरून उठून दोनदा स्वयंपाकघरात डोकावून आले. पहिला घास घेतला, डोळे मिटले, बराच वेळ काही बोलले नाहीत. आई आणि मी दोघं त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

मग म्हणाले, "मीठ कमी आहे."

आई म्हणाली, "ते डॉक्टरांनीच सांगितलंय. गप जेवा."